दोनशे किलोमीटर आणि तीन थापा

तीनही थापा मी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान मारल्या. एकही आधी ठरवलेली नव्हती. ठरवून मारल्या असत्या तर निदान एवढं लक्षात आलं असतं, की नांदेडहून चाकूरला जायचा आणि चाकूरहून नांदेडला यायचा रस्ता एकच आहे.

सायकलवर शंभर किलोमीटर जायचं, शंभर यायचं, साडेतेरा तासांत. सकाळी सहाला निघायचं आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत. पहिलं कोण आलं याला इथे काही महत्त्व नसतं. वेळेत आलात तर तुमचं नाव यादीत लागतं, नाही आलात तर त्या दिवशी तुम्ही नुसते फिरायला गेला होतात. याला शर्यत म्हणायचं की नाही यावर आमच्या ग्रुपात मतभेद आहेत. घरी मी शर्यतच म्हणते, कारण 'तेरा तास सायकल चालवायला जातेय' म्हटलं की आई माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते. ती आरोग्य खात्यात सिस्टर आहे, तिला ती सवयच आहे.

निघताना प्रत्येकाला एक पिवळं घडीचं कार्ड मिळतं. वाटेत ठरलेल्या गावी पोचल्याचा पुरावा म्हणून तिथल्या कुठल्याही दुकानदाराची सही आणि वेळ त्या कार्डावर घ्यायची. दोनशे किलोमीटर पायडल मारणं मला जमतं. अनोळखी माणसापुढे उभं राहून 'इथे सही करता का' विचारणं, हा माझ्यासाठी खरा घाट. मी इंग्लिश मिडियममध्ये शिकले, घरी मराठी बोलते आणि बाहेर शक्यतो काहीच बोलत नाही.

आदल्या वर्षी मी अकरा मिनिटांनी हुकले होते. कारण हुरडा. लोह्याच्या पुढे एका शेताच्या बांधावर टेकले होते, तर आतून हाक आली. एक काका शेणीच्या आरावर कणसं भाजत होते, काकू शेंगदाण्याची चटणी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी 'ये' म्हटलं, मी गेले. 'अजून घे' म्हटलं, मी घेतलं. नाही म्हणायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि तोंडात हुरडा होता. अख्खा पाऊण तास मी नुसती मान हलवत होते. उशीर होण्याची कारणं लिहायच्या फॉर्ममध्ये पंक्चर, अपघात, आजारपण असे पर्याय आहेत. हुरडा नाही.

या वर्षी आईशी करार झाला होता. वेळेत आले तर सायकल चालू. पुन्हा हुकले तर रविवारची सायकल बंद आणि रविवारचा स्पर्धा परीक्षेचा क्लास सुरू. क्लासची माहिती-पुस्तिका तिने फ्रिजवर चुंबकाने लावूनही ठेवली होती. म्हणून मी ठरवलं, या वेळी कुणातही अडकायचं नाही. एका वाक्यात उत्तर द्यायचं आणि सुटायचं.

जानेवारीतली पहाट. आम्ही बावीस जण निघालो, त्यात मुलगी मी एकटी. पहिल्याच चढाला एकवीस जण पुढे गेले आणि मला हवा तसा एकांत मिळाला.

वीस किलोमीटरवर एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. येताना शेवटची सही याच गावात घ्यायची होती, म्हणून जातानाच हॉटेल बघून ठेवावं, असा हुशार विचार मी केला. बोटं थंडीने बधिर झाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई स्टोव्हवर चहा ठेवत होत्या. पन्नाशीच्या असतील. डोक्याला मफलर, अंगात पुरुषी स्वेटर, आणि नजर अशी की खिशातलंसुद्धा दिसावं.

"कुणाची गं तू?"

हा प्रश्न आमच्याकडे नावाच्या आधी येतो. मी सहसा गावावर भागवते. आडनाव सांगितलं की पुढचे चार प्रश्न कमी होतात आणि एक वाढतो, तो कुणी मोठ्याने विचारत नाही.

"नांदेडची."

"नांदेड लई मोठं हाय. अन् इतक्या थंडीत सायकलवर काऊन फिरून राहिलीस?"

खरं उत्तर लांब होतं. त्यात कार्ड, सह्या, साडेतेरा तास, आणि 'मग मिळतं काय?' हा प्रश्न आलाच असता. आईच्या फाइली लहानपणापासून बघत आल्यामुळे एक शब्द तयार होता.

"सर्व्हे आहे."

"कशाचा?"

माझ्या हातात त्या क्षणी पाण्याची बाटली होती.

"पाण्याचा."

बाई एकदम सरळ उभ्या राहिल्या. चहात आणखी आलं किसलं. "मॅडम, बसा ना," म्हणाल्या. 'तू'ची 'तुम्ही' व्हायला तीन सेकंद लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"परत कधी येनार?"

"संध्याकाळी. सहाच्या आत." त्या सकाळी मी बोललेलं एवढं एकच वाक्य पूर्ण खरं होतं.

दुसरी थाप चालत्या सायकलवर झाली. माळाकोळीच्या पुढे एक म्हातारे काका मोटरसायकलवर आले आणि माझ्या वेगाने, माझ्या शेजारी चालू लागले. गाडीचा वेग इतका कमी की ती आचके देत होती.

"पोरी, बस चुकली काय?"

"नाही काका."

"बसवतो की मागं. सायकल बांधू वर."

"नको काका. नवस आहे." सायकल चालवण्याचं कारण म्हणून नवस कुणालाही पटतो, असा माझा अंदाज.

"कुठला?"

"माहूरचा."

काकांनी गाडी आणखी जवळ घेतली. मग अगदी हळू, जणू मला वाईट वाटेल म्हणून, म्हणाले, "पोरी, माहूर तिकडं राहिलं. नांदेडच्या पल्याड. तू लातूरकडं चाललीस."

"आधी अहमदपूरहून मावशीला घ्यायचंय."

"डबल शीट?"

"मावशीची वेगळी सायकल आहे."

"मावशीचं वय काय?"

"साठ," मी म्हणाले, आणि उतार आला म्हणून देवाचे आभार मानले. ज्यांच्या घरात देव्हारा नाही त्यांनीही कधीतरी मानायला हरकत नसावी.

तिसरी थाप अहमदपुरात. तिथे पहिली सही घ्यायची होती. किराणा दुकान एका नवराबायकोचं होतं, सही नवऱ्याने केली, चौकशी बायकोने.

"एकटीच? कुठं निघालीस?"

"चाकूरला."

"चाकूरला कोन हाय?"

कोणीही नव्हतं. चाकूरला फक्त वळायचं होतं. पण वळायला कोणी शंभर किलोमीटर जातं का? मी म्हणाले, "सासर."

"अन् सायकलवर? मालक कुठंयत?"

समोरून आमच्या ग्रुपातले एक बँकेतले काका निघत होते. केळं खायला थांबले होते, आता हेल्मेट लावत होते. वय बावन्न, पोटाशी शुगरच्या गोळ्यांची पिशवी. मी हाताने त्या दिशेला नुसतं असं केलं. शब्द एकही वापरला नाही. बाईंनी त्यांना पाठमोरं पाहिलं, आणि पाठमोरा माणूस हेल्मेटमध्ये कुठल्याही वयाचा वाटतो.

"बायकोला मागं टाकून पळालाय बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मी खूश होते. तिन्ही ठिकाणी मिळून माझी दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती. चाकूरला अकरा वीसला पोचले, शिक्का घेतला, दोन केळी आणि एक चिक्की खाल्ली, आणि सायकल वळवली. वळवल्यावर समोर तोच रस्ता दिसला. अहमदपूर, माळाकोळी, लोहा, नांदेड. मी थोडा वेळ एक पाय जमिनीवर टेकवून तशीच उभी राहिले.

अहमदपुरात मान खाली घालून जोरात निघून जायचं ठरवलं होतं. पण किराणावाल्या बाई रस्त्यावरच उभ्या होत्या.

"इतक्या लवकर माघारी? भांडून आलीस ना?"

"नाही हो..."

"डोळे लाल दिसून राहिले." डोळे वाऱ्याने लाल होते. "अगं, मी त्याला चांगलं झापलंय. आत्ता अर्ध्या तासापूर्वी गेला इथून. म्हणलं, लाज न्हाई वाटत, लेकराच्या वयाची बायको अन् उन्हात मागं सोडतोस? तर नुसता बघतच राह्यला माझ्याकडं. वर म्हनतो कसा, माझी बायको नांदेडला हाय! म्हंजे दुसरी बी हाय का त्याला?"

मला त्यांनी बसवलं, पाणी दिलं, आणि संसार कसा करायचा ते सांगितलं. वीस मिनिटं. सल्ले चांगले होते, मी अजून विसरलेले नाही. उठताना म्हणाल्या, "माहेरी जा, पन दोन दिसात परत ये." मी हो म्हणाले. चौथी थाप मोजत नाही.

माळाकोळीच्या अलीकडे लिंबाखाली मोटरसायकल उभी होती. काका डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघत होते.

"मावशी कुठंय?"

"तिच्या सायकलची चेन तुटली."

"नसीब," काका म्हणाले. मग हँडलला लटकवलेली पिशवी काढली. आत एक नारळ आणि हिरवा खण. "घरवाली दोन वर्षं झाली म्हणून राहिली, माहूरला जायचं, माहूरला जायचं. गुडघे गेले तिचे. गड चढनं होत न्हाई. सकाळी तुझं सांगितलं तर म्हनली, त्या पोरीपाशी ओटी द्या. तू चाललीच हायस तर."

इथे खरं बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण काकांनी पिशवी माझ्या सायकलच्या हँडलला बांधायला घेतली होती, दोन गाठी, वर तिसरी, नारळ हलतो का ते बघून. सकाळपासून पहिल्यांदा मला माझं बोलणं गमतीचं वाटलं नाही. "पोचवते," एवढंच म्हणाले.

पुढचे सगळे चढ तो नारळ हँडलवर डाव्या बाजूला आपटत होता. त्यात समोरून वारा. लोह्याजवळ मागचं चाक पंक्चर झालं, ट्यूब बदलायला पंचवीस मिनिटं गेली. बोटं काळी, पोट रिकामं. वेळेचा हिशोब मी इंग्रजीत करते, तो कसाही केला तरी तेवढाच येत होता. सहाच्या आत शेवटची सही. मग वीस किलोमीटर, साडेसातच्या आत. थांबलं नाही तर जमेल. थांबलं तर फ्रिजवरचा क्लास.

पाच चाळीसला ते गाव आलं. हॉटेलसमोर गर्दी दिसली. मला वाटलं, काहीतरी कार्यक्रम असेल.

कार्यक्रम माझाच होता.

पंधरा-वीस बाया, चार-पाच पुरुष, आणि ओळीने मांडलेल्या रिकाम्या घागरी. मध्ये प्लास्टिकची एक खुर्ची, त्यावर टॉवेल अंथरलेला. हॉटेलवाल्या बाई मफलर काढून, साडी बदलून, सगळ्यात पुढे.

"आल्या! म्हणलं न्हवतं, सहाच्या आत? बसा मॅडम. चला, एकेकीनं बोला."

"आठ-आठ दिस पानी येत न्हाई मॅडम."

"आलं तर गढूळ. लेकरं आजारी पडून राहिली."

"मोटर जळली म्हनत्यात. दिवाळीपासून जळूनच राहिली."

"लिहून घ्या ना. वही कुठंय?"

माझ्याकडे वही नव्हती. पिवळं कार्ड होतं. मी ते बाहेर काढलं तर सगळ्या आशेने त्याच्याकडेच बघायला लागल्या. सही मागावी तर आधी बसावं लागणार. बसलं तर वीस जणींचं ऐकावं लागणार. आणि ऐकून, मान हलवून निघून गेले, तर या घागरी उद्याही इथेच असणार आणि मॅडमची वाट बघणार. माझ्या हँडलला एक नारळ आधीच वाट बघत होता.

मी हेल्मेट काढलं. का ते माहीत नाही. शाळेत चूक कबूल करताना टोपी काढायला लावायचे, त्यामुळे असेल.

"मावशी, मी सर्व्हेची नाही," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की मागच्या एकीने विचारलं, काय म्हनतीय? मग मला तेच मोठ्याने म्हणावं लागलं. खोटं बोलून सुटका झाली नाही ती नाहीच, वर खरं दोनदा बोलावं लागलं. "मी सर्व्हेची नाही! सकाळी खोटं बोलले! मी सायकल चालवते, नुसतीच. साडेसातच्या आत नांदेडला पोचायचंय. या कार्डावर सही लागते. एवढंच आहे."

एक पुरुष म्हणाला, "मंग इतका येळ आमी काऊन बसलो?"

"पोचली तर काय मिळतं?" दुसरीने विचारलं. तो प्रश्न आलाच.

"यादीत नाव येतं."

"अन् न पोचली तर?"

"रविवारी क्लासला बसावं लागतं."

कोणीतरी फिस्कन हसलं. हॉटेलवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. 'तुम्ही'ची पुन्हा 'तू' झाली.

"सकाळी दोनदा आलं किसून घातलं तुला."

"हो."

"लिहिता येतं का मराठी? का ते बी खोटं?"

"येतं. हळू."

"मंग असं कर. तुझी सही मी देते. आधी आमचं पानी लिहून घे. सर्व्हेची नसलीस तरी हात हायेत ना? नांदेडात कुनाला द्यायचं ते तुझं तू बघ."

व्यवहार सरळ होता. सहाला बारा मिनिटं कमी होती. बाईंनी कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं, आणि मी खुर्चीवर न बसता, खुर्चीवर कागद ठेवून, गुडघ्यावर बसून लिहायला लागले. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. वस्तीतली घरं किती, या मुद्द्यावर अडले.

"अडुसष्ट."

"म्हणजे?"

"अडुसष्ट म्हंजे अडुसष्ट!"

"आकडा कसा काढायचा?"

"अगं माय! सहा अन् आठ! कुठल्या शाळेत घातलं गं तुला?"

आता सगळ्याच हसल्या. मीही.

मग सही. मला वाटलं होतं दोन अक्षरं. बाईंनी पदराला हात पुसले, कार्ड मांडीवर घेतलं आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. ते एका चौकोनात मावेना, म्हणून पुढच्या चौकोनात गेलं. पाच एकोणसाठ ही वेळ त्यांनी घड्याळाकडे दोनदा बघून टाकली. तोपर्यंत बाकीच्याही कॅलेंडरच्या पानावर सह्या करायला लागल्या होत्या. एकेक नाव, एकेक अंगठा, सगळ्या होईपर्यंत सहा वाजून सतरा मिनिटं झाली.

"आता इथं काय उभी? पळ!"

मी पळाले. मागून बाईंचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता, "हां, सायकलवर पोरगी येऊन राहिली. थांबवू नका तिला. चहा बी इचारू नका."

पुढच्या दोन गावांत असं झालं की फाट्यावर माणसं उभी. एरवी 'थांब' म्हणतात ती 'थांबू नको' म्हणत हात हलवत होती. अंधार पडायला लागला, पुढचा दिवा लावला, मांड्यांमध्ये कुणीतरी वाळू भरल्यासारखं झालं. समोरचा वारा पडला होता की मला कळत नव्हता, सांगता येत नाही.

सात सव्वीस.

नांदेडात शेवटच्या टेबलावर आमच्या ग्रुपातले दातांचे डॉक्टर बसले होते. ते कार्ड तपासतात तेव्हा दाढ बघितल्यासारखा चेहरा करतात.

"हे काय आहे? शेवटचा चौकोन कुणी भरला? मी सही कुठे करू?"

"मागच्या बाजूला करा," मी म्हणाले. त्यांनी केली. मग नारळाकडे बघून काही विचारणार होते, पण मागून बँकेतले काका आले.

"अहमदपुरात माझं लग्न झालंय," ते डॉक्टरांना म्हणाले. "कुणाशी, ते अजून कळलं नाही." आणि माझ्याकडे बघत राहिले. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. माझ्या बुटांना नाडी नाही.

घरी आईने आधी घड्याळ बघितलं, मग कपाळाला हात लावला, मग कॅलेंडरचं पान वाचलं. "हा 'ळ' कुणी काढलाय?" म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण तिने चष्मा लावून पान पुन्हा वाचलं. "गढूळ पाण्याचं आम्हाला कुणी कळवलंच नाही," म्हणाली, आणि मला शेजारी बसवून अर्ज नीट उतरवून घेतला. सोमवारी तो मीच जिल्हा परिषदेत घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "तुम्ही त्या गावच्या कोण?" मी म्हणाले, "मी तिथून सायकलवर जाते." त्यांनी पुढच्या वाक्याची वाट बघितली. पुढचं वाक्य नव्हतं. त्यांनी शिक्का मारला. शिक्क्याची प्रत मी पुढच्या रविवारी हॉटेलवर नेऊन दिली. बाईंनी ती बरणीमागे लावली आणि म्हणाल्या, "आता दर आठ दिसाला इचारायला जा." म्हणून जाते. मोटर अजून आलेली नाही; अर्ज अडायला नको म्हणून गावाचं नाव सांगत नाही. चहा मात्र 'तू' म्हणून मिळतो.

क्लासची पुस्तिका फ्रिजवरून गेली. तिच्या जागी आता नारळ आहे, फ्रिजच्या डोक्यावर. आमच्या भिंतीवर दोनच फोटो आहेत आणि त्या दोघांपैकी कुणालाही नारळ लागत नाही. मी आईला म्हटलं, चटणी करूया. ती म्हणाली, "दुसऱ्या बाईची ओटी आहे ती. 'पोचवते' म्हणालीस ना? पोचव. सायकलवरच."

माहूरचा घाट मी नकाशावर बघितलाय. जमेल असं वाटतं. पिशवीत काकांच्या नंबराची चिठ्ठी होती, त्यांना फोन करून तारीखही कळवली. ते खूश झाले, एकच गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा विचारली, मावशीची चेन दुरुस्त झाली का. हो म्हणाले. तेव्हा आता साठ वर्षांची, सायकल चालवणारी, घाट चढायची तयारी असलेली एक मावशी शोधते आहे. आईचं वय अठ्ठावन्न. काल तिने माझ्या सायकलचं सीट खाली घेऊन दाखव म्हणून सांगितलं.